वाईट हवा परवडली, लहरी हवा नको!

देठमोजा
गेल्या आठवड्यात आमच्या गुलाबाची तोडणी दोन दिवसांत उरकली. उरकली म्हणजे उरकावी लागली. एरवी एका बहाराची फुलं बारा-तेरा दिवस थोडी थोडी निघत राहतात. या वेळी आधी नऊ दिवस ढगाळ आणि गार गेले. कळ्यांना रंग दिसतोय, पण फुगायचं नाव नाही. दहाव्या दिवशी ढग फाटले आणि असं ऊन पडलं की अडून बसलेलं सगळं एकदम सुटलं. सकाळी सहाला घट्ट असलेली कळी दहाला बाहेरच्या दोन पाकळ्या सोडून मोकळी. माणसं कमी, बादल्या कमी, कोल्ड रूम दारापर्यंत भरलेली. शेवटच्या वीस बादल्या ग्रेडिंगच्या शेडमध्ये ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या अकरा उकिरड्यावर ओतल्या.

कडक थंडी पाहिली, कडक उन्हाळाही पाहिला. ते सांगून येतात आणि आले की मुक्काम ठोकतात, त्यामुळे त्यांच्याशी जुळवून घेता येतं. हे आज एक, उद्या एक मात्र झेपत नाही. फूल तारखेवर विकलं जातं आणि देठाच्या लांबीवर विकलं जातं. लहरी हवा या दोन्हींवरच घाव घालते.

प्रश्न सरळ आहे. हातात पैसा एकाच गोष्टीपुरता आहे. आच्छादन-पंखे वाढवू, वाण बदलू, की लागवड-छाटणी तुकड्यातुकड्यांनी करू? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनीच सांगा. ज्यांनी व्हिडिओ पाहिलाय त्यांनीही सांगा, पण तसं लिहून सांगा.

उगाचच
चौथा पर्याय : निवडुंग लावा. पाऊस आला तरी तोंड वाकडं नाही, नाही आला तरी नाही. (व्हिडिओ पाहिलेला नाही, घरात एक कुंडी आहे.)

गादीवाफा
देठमोजा, शेंडा खुडणी एकाच दिवशी केली होती का सगळ्या वाफ्यांची? बहुतेक तिथंच पाणी मुरतंय.

खुडल्यापासून फूल कापायला यायला गुलाबाला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, असं आपण म्हणतो. पण झाड दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. दिवसाच्या सरासरी तापमानातून साधारण ५ अंश वजा करा, उरेल ती त्या दिवसाची कमाई. सरासरी १५ असेल तर १०, सरासरी २२ झाली की १७. म्हणजे गार दिवसात पाऊण पावलानं चालणारं पीक उबेच्या दिवसात जवळजवळ सव्वा पाऊल टाकतं. तुमच्या नऊ दिवसांत पुढच्या कळ्या रखडल्या, मागच्या हळूहळू त्यांच्यापर्यंत आल्या आणि ऊन पडल्यावर सगळ्यांनी एकत्र उंबरा ओलांडला.

मी रोजची कमाल-किमान एका वहीत लिहितो. अॅप वगैरे काही नाही, दोरीला बांधलेली वही. तिच्यावरून तोडणीचा आठवडा आधी कळतो, निदान बादल्या तरी जमवता येतात.

फुलवेडा
मी शेतकरी नाही, फुलं विकत घेणारा आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. पॉलिहाऊस आहे ना? मग बाहेरच्या हवेचा एवढा संबंध कुठे येतो?

ओलसरमाती
फुलवेडा, पॉलिहाऊस म्हणजे छत्री हो, एसी नव्हे. पाऊस अडतो, बाकी सगळं आत येतं. उलट काही गोष्टी आत जास्तच होतात. संध्याकाळी पडदे बंद केले की दिवसभर झाडांनी सोडलेली वाफ आतच कोंडते, पहाटे फिल्म, म्हणजे छपराचा प्लास्टिकचा कागद, गार पडली की आतून थेंब धरतात आणि ते नेमके कळ्यांवर टपकतात. बाहेर टिपूस नाही आणि आत पाऊस, असं मी पाहिलंय.

उजेडाचं तर विचारूच नका. हरितगृहवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, एक टक्का उजेड कमी तर साधारण एक टक्का उत्पादन कमी. फुलांत थोडं कमी-जास्त होतं, पण दिशा तीच. ढगाळ आठवडा गेला की गुलाबाची निम्मी फूट आंधळी निघते, म्हणजे टोकाला कळीच धरत नाही, नुसता पाला.

गणिती_माळी
त्यात भर. ज्यांच्याकडे खरोखर एसी आहे त्यांचंही फार सुखाचं चाललंय असं नाही. नेदरलँड्समध्ये गॅसवर तापवलेली, दिव्यांनी उजळलेली काचघरं आहेत. बाहेर बर्फ असो की धुकं, आत तारखेबरहुकूम फूल. २०२२ मध्ये युरोपात गॅसचे भाव कडाडले तेव्हा तिथल्या काही जणांनी हिवाळ्यात काचघरं रिकामी ठेवली, काहींनी आतलं तापमान उतरवलं. हवामान विकत घेता येतं, पण मग दुकानदाराच्या लहरीवर जगावं लागतं.

शेवंतीवाली
देठमोजाभाऊ, तुमचं दुःख दोन दिवसांचं. माझं ऐका.

शेवंती लहान दिवसाचं पीक. रात्र पुरेशी लांब झाली की कळी धरते, नाही तर नुसती वाढत राहते. म्हणून देठ हवा तेवढा लांब होईपर्यंत आम्ही मध्यरात्री दिवे लावतो, दहा ते दोन. झाडाला वाटतं रात्र छोटीच आहे. (झाड दिवसाची लांबी ओळखतं हे गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी १९२० मध्ये दाखवून दिलं, तेही तंबाखूवर काम करताना. व्यसनातून काही चांगलं निघाल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.)

तर दोन वर्षांपूर्वी लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्यात अवेळी वादळ. आमच्या शेडचं काहीच बिघडलं नाही. कागद शाबूत, झाडं उभी. लोक येऊन म्हणाले, तुम्ही वाचलात. पण वाटेतले विजेचे खांब पडले आणि आठ रात्री वीज नाही. जनरेटर होता, तो दुसऱ्या रात्री बसला. झाडांनी सात लांब रात्री मोजल्या आणि वीतभर उंचीवर कळ्या धरल्या. वर खुणेची जाळी ताणलेली, आणि जाळीच्या खाली, मातीजवळ, ठिपक्यांसारख्या कळ्याच कळ्या. दिसायला इतकं सुंदर! विकायला शून्य. गुडघ्याच्या वर न आलेली शेवंती कोण बंचमध्ये बांधणार?

नुकसानभरपाईला माणूस आला, त्यानं शेडकडे पाहिलं आणि विचारलं, "काय पडलंय?" काही पडलंच नव्हतं, काय दाखवू?

उगाचच
शेवंतीताई, तंबाखूवरच्या कंसाला दंडवत. बाकी गोष्ट वाचून हसू पळालं.

गादीवाफा
शेवंतीवाली +१. विम्याचंही असंच आहे. हवामानावर आधारलेला विमा असतो, त्यात तुमच्या शेताकडे कोणी बघतच नाही, ठरलेल्या केंद्राचा पर्जन्यमापक बघतात. ढग केंद्रावर बरसला आणि तुम्ही कोरडे राहिलात तर पैसे नाहीत. उलट झालं तर पीक उभं असताना पैसे. माझ्या वाट्याला अजून उलटं आलेलं नाही.

कोल्डरूमवाला
मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा, फुलं घेऊन पॅक करून पुढे पाठवतो. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

पावसाळी आठवड्यातलं फूल माझ्याकडे येतं तेव्हा निष्कलंक असतं. शेतकरी म्हणतो, बघा, एक डाग दाखवा. डाग नसतोच. राखाडी बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे बीजाणू पाकळीवर बसलेले असतात, त्यांना काही तास ओल मिळाली की ते रुजतात. तिसऱ्या दिवशी खोका उघडला की पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, पाचव्या दिवशी पाकळीचा बुडखा तपकिरी आणि फूल हलवलं की डोकं हातात. थंड फूल गरम शेडमध्ये नेलं की त्यावर दव धरतं. तेवढी ओलसुद्धा त्या बुरशीला पुरते.

दुसरं, ढगाळ दिवसांत कापलेल्या फुलाच्या पोटात साखर कमी असते. वरून तेच, आतून उपाशी. कळीखालचा दांडा कोवळा राहिलेला असतो, पाण्यात ठेवलं की दोन दिवसांत मान टाकतं. घेणारा मला शिव्या घालतो, मी शेतकऱ्याला माल परत करतो. त्यामुळे ढगाळ आठवड्यानंतर मी कमी माल उचलतो, यात लबाडी नाही.

देठमोजा
लबाडी नाही म्हणता, पण ऊन पडल्यावर एकदम माल आला की भाव पाडताना ढग कुठे जातात? तेव्हा फुलाच्या पोटातली साखर कोणी विचारत नाही!

कोल्डरूमवाला
ते मान्य. तिथे मी बाजूलाच उभा राहतो.

ओलसरमाती
भांडू नका. 🙂

बोट्रायटिससाठी फवारणीपेक्षा मला उपयोग झाला तो वेळेचा. संध्याकाळी पडदे लगेच पूर्ण बंद करायचे नाहीत, वरची फट ठेवून अर्धा तास दमट हवा बाहेर जाऊ द्यायची. थोडी ऊब जाते, जाऊ दे. पाणी सकाळी द्यायचं, दुपारनंतर फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे) बंद. गळालेल्या पाकळ्या आणि वाळकी फुलं रोज उचलून बाहेर. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

पण लहरी हवेत खरी पंचाईत ही की रोगही पाळीपाळीनं येतात. दिवस कोरडा-उबदार आणि रात्र दमट, तर भुरी, म्हणजे पानावरची पांढरी भुकटीसारखी बुरशी. तिला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. चार दिवस गार आणि ओले, तर डाउनी, म्हणजे केवडा, पानं जांभळट चट्टे घेऊन एका रात्रीत गळतात. मग ऊन तापलं की लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. कोळ्याची पिढी ३० अंशांच्या आसपास आठ-दहा दिवसांत पुरी होते, २० अंशांना जवळपास दुप्पट वेळ लागतो. आपण मात्र कॅलेंडर बघून दर सोमवारी पंप पाठीवर घेणार! कोळ्याकडे कॅलेंडर नाही.

परसदार
माझ्याकडे गच्चीवर बारा कुंड्या आहेत, त्यामुळे मी फक्त वाचतोय. पण डेलियाला गेल्या महिन्यापासून कळीच नाही, तो याच कारणानं का?

कंदमूळ
परसदार, गरमीत डेलिया रुसतोच, रात्री गार झाल्या की धरेल कळी. तोवर पाणी द्या आणि खत थांबवा.

आता कंदवाल्यांची बाजू. आमच्याकडे लिली. कंद शून्याखाली एक-दोन अंशांवर गोठवून ठेवता येतात, त्यामुळे लागवडीची तारीख आमच्या हातात. पुढची हवा नाही. ओरिएंटल लिलीत एक प्रकार होतो, पाहिला नसेल तर सांगतो. दहा-बारा दिवस ढग. पानं लुसलुशीत, मोठी, हिरवीगार, बघून जीव सुखावतो. मग ऊन येतं आणि तीनच दिवसांत शेंड्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या, इस्त्री लागल्यासारख्या. पहिल्या वर्षी मी बुरशी समजून औषध मारलं. बुरशी नव्हतीच. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पान पाणी उडवेल तेव्हाच पाणी चढतं. ढगाळ दमट हवेत पान घामच गाळत नाही, वाढ मात्र चालू. कॅल्शियमविना बांधलेल्या पेशी पहिल्या उन्हात फुटतात. स्टारगेझर या वाणाला हा त्रास फार.

उपाय माझा साधा. ढगाळ दिवसांतही पंखे चालू ठेवायचे, हवा हलली पाहिजे. आणि ऊन पडलं की पहिले दोन-तीन दिवस दुपारी सावलीची जाळी ओढायची, म्हणजे लग्नातल्या अंतरपाटासारखी, हळूच बाजूला.

देठमोजा, तुमच्या तीन पर्यायांतलं माझं मत पंख्यांना.

उगाचच
अंतरपाट! हसून हसून पुरेवाट. मंगलाष्टकं कोण म्हणणार, लाल कोळी?

गणिती_माळी
थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. जगातला हा धंदा मुळात हवेचा भरवसा शोधत डोंगरावर गेला. केनियातलं नैवाशा समुद्रसपाटीपासून साधारण १९०० मीटरवर, कोलंबियातलं बोगोटाचं पठार २६०० च्या आसपास, एक्वाडोरचं कायाम्बे त्याहून वर. तिन्ही विषुववृत्ताजवळ. दिवस बाराही महिने जवळजवळ बारा तासांचा, उंचीमुळे रात्र गार, दिवस सोसवेल असा. गार रात्रींमुळे गुलाबाची कळी सावकाश भरते, म्हणून एक्वाडोरचं फूल एवढं मोठं.

आता तिथंही गोंधळ आहे. नैवाशा तलाव २००९ च्या दुष्काळात इतका आटला की पाण्यावरून भांडणं, आणि त्यानंतरच्या दशकात इतका चढला की २०२० पर्यंत पाणी काठावरच्या हरितगृहांना भिडलं. बोगोटाच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत निरभ्र रात्री दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं, तेही नेमकं फुलांची मोठी खेप निघायच्या तोंडावर.

आणि कधीकधी शेतातली हवा छान असते, वरची बिघडते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपातली विमानं सहा-एक दिवस जमिनीवर. केनियात फुलं वेळेवर फुलली, वेळेवर कापली आणि कंपोस्टमध्ये गेली.

फुलवेडा
मला वाटायचं फुलदाणीतलं फूल चार दिवसांत वाकलं म्हणजे दुकानदारानं शिळं दिलं. आता त्याची माफी मागावी लागेल.

उगाचच
घाई करू नका. शिळंही देतात.

दहिवर
नावाला जागून लिहितोच. दहिवराचा अनुभव.

उघड्यावरची फुलं होती. रात्र निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात जाते. तीन वाजता पारा शून्याच्या जवळ आला तेव्हा तुषार सुरू केले. पाणी गोठताना उष्णता सोडतं, एक किलो पाणी गोठलं की ३३४ किलोज्यूल, त्या आधारावर कळी शून्याच्या आसपास तगते. सगळ्या झाडांवर काचेचा मुलामा चढला होता, बॅटरीच्या उजेडात मोती लावल्यासारखं दिसत होतं. पावणेपाचला पंप बंद पडला. मी म्हटलं, आता तासाभरात उजाडेल, झालं काम.

तिथेच चुकलं. पाणी थांबलं की ओल्या पानावरून बाष्पीभवन सुरू होतं आणि बाष्पीभवन जी उष्णता ओढतं ती गोठताना मिळालेल्या उष्णतेच्या साडेसात पट. म्हणजे मी तुषार लावलेच नसते तर जेवढं नुकसान झालं असतं त्याहून जास्त केलं. उजाडल्यावर बर्फ वितळला आणि खालून काळ्या, शिजलेल्या कळ्या. शेजारच्या वाफ्यात, जिथे पाणी पोचलंच नव्हतं, तिथली निम्मी झाडं बरी होती.

सुरू केलं तर बर्फ आपोआप वितळू लागेपर्यंत थांबवायचं नाही. दुसरा पंप तयार नसेल तर सुरूच करू नका. त्यापेक्षा पांढरं कापडी आच्छादन टाका आणि झोपा.

शेवंतीवाली
दहिवर, शेवटचं वाक्य छापून जनरेटरवर चिकटवते.

गादीवाफा
मूळ प्रश्नाकडे येऊ. माझं मत पहिल्यापासून तुकड्यांना आहे. आठ वाफे असतील तर दोन-दोन करून, आठ दिवसांच्या अंतरानं खुडा. हवेचा फटका बसला तरी सगळ्यांना एकाच वयात बसणार नाही. खर्च शून्य.

कंदमूळ
गादीवाफा, इथे माझं जमत नाही तुमच्याशी. आठ दिवसांच्या अंतरानं लावलं म्हणजे आठ दिवसांच्या अंतरानं फूल येतं, हे वहीत खरं आहे, शेतात नाही. सूर्यफुलाचे तीन हप्ते मी दहा-दहा दिवसांनी पेरले होते. पहिला गारव्यात अडकला, तिसऱ्याला सुरुवातीपासून ऊब मिळाली. पहिला आणि दुसरा तीन दिवसांच्या फरकानं आले, तिसरा त्यांच्या मागोमाग. वीस दिवसांची विभागणी आठवड्यात गोळा झाली. तुमचाच पाऊलवाला हिशेब आहे हा!

शिवाय तुकडे केले की शेतात कायम कुठेतरी कोवळी पालवी. फुलकिड्यांना बारमाही पंगत.

गादीवाफा
बरोबर आहे. म्हणून अंतर दिवसांत धरायचं नाही, उबेत धरायचं. गारव्यात पेरताना अंतर जास्त, उबेत कमी. वही त्यासाठीच आहे. पण फुलकिड्यांचं खरं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. निळे चिकट सापळे लावतो आणि मोजतो, बस.

गणिती_माळी
मला यातली खरी गोम वेगळीच वाटते. हवामानाचा अंदाज चार-पाच दिवसांचा बऱ्यापैकी बरोबर येतो, दहा दिवसांपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. शेवंतीचा निर्णय मात्र दहा-बारा आठवडे आधी, लिलीचाही तेवढाच, गुलाबाच्या खुडणीचा सहा-आठ. म्हणजे निर्णयाच्या दिवशी अंदाज नसतो आणि अंदाज येतो तेव्हा निर्णय घेऊन झालेला असतो. मधल्या काळात हातात काय उरतं? पडदे, पंखे, पाणी, सावली, आणि कापल्यानंतरची थंड खोली. म्हणून वाण आणि लागवड सरासरी हवेसाठी ठरवा, आणि पैसा अशा गोष्टीत घाला जी पाच दिवसांच्या सूचनेवर फिरवता येते.

शेवंतीवाली
हे पटलं. माझंच उदाहरण. उन्हाळ्यात काळं कापड ओढून रात्र लांब करतो आम्ही. पूर्वी संध्याकाळी पाचला ओढायचो, कारण माणसं सहाला घरी जातात. आत भट्टी व्हायची, रात्री ३० च्या खाली येत नसे, कळी आठ-दहा दिवस उशिरा. आता उष्ण लाट येणार असं दिसलं की सातला ओढतो आणि पूर्ण अंधार पडल्यावर कडा उचलून ठेवतो. खर्च एवढाच की एक माणूस उशिरापर्यंत थांबतो. तो माणूस मी.

वाऱ्यावरची
वादळात शेड कशी वाचवायची याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून. जोराचा वारा येणार असेल तर सगळे पडदे बंद, नाही तर वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो. आणि एक बाजू फाटलीच, वारा आत घुसलाच, तर सरळ चाकू घेऊन बाकीची फिल्म फाडा. जीव तुटतो, मला माहीत आहे, मी रडत रडत फाडलीय. पण फिल्म तशीही तीन-चार वर्षांची सोबतीण, सांगाडा पंधरा-वीस वर्षांचा. आमच्या बाजूच्या शेडवाल्यानं फाडली नाही, त्याचे पाइप पिळलेल्या कपड्यासारखे झाले. आधी माणसं बाहेर काढा मात्र, उडत्या पाइपाखाली चाकू घेऊन शूरपणा करू नका.

देठमोजा
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून पुन्हा वाचलं आणि गादीवाफा म्हणतात तसं मागचं वर्ष तापमानाच्या हिशेबात मांडून पाहिलं (एका जुन्या डायरीत मुलीनं गंमत म्हणून रोजचा पारा लिहिला होता, नशीब). वर्षभरात जी चार वेळा एकदम तोडणी अंगावर आली, त्या चारही वेळा आधी आठवडाभर तरी ढग आणि मग उडी. म्हणजे ढग असतानाच मला चार दिवस आधी कळू शकलं असतं.

तर वाण बदलत नाही. खुडणी चार हप्त्यांत करतो, अंतर उबेत मोजून. कंदमूळ, तुमचा आक्षेप लक्षात आहे, तीन महिन्यांनी इथंच येऊन सांगतो कोण जिंकलं. पैसा आधी पंख्यांना देणार होतो. आता कोल्ड रूम दीडपट करायचा विचार चाललाय, कारण अकरा बादल्या शेतात मेल्या नाहीत, शेडमध्ये मेल्या. बायको म्हणते पंखे. ती रोज आत काम करते आणि मी करत नाही, त्यामुळे बहुधा पंखेच.

कोल्डरूमवाला
कोल्ड रूम मोठी कराल तेव्हा एक करा. फूल आत गेल्यावर किती तासांत २ ते ४ अंशांवर येतं ते मोजा. खोली थंड आहे म्हणजे फूल थंड आहे असं नाही. गच्च भरलेल्या बादल्यांच्या मधलं फूल तासन्‌तास गरमच राहतं.

परसदार
डेलियाला आज सकाळी कळी दिसली!!

उगाचच
धाग्याचं सार्थक झालं. कुलूप लावा.

नवखा_माळी
उशिरा आलो, अख्खा धागा वाचला. कार्नेशनबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझी पहिलीच लागवड आहे. दिवसा ऊन, रात्री एकदम गारवा असं चाललंय आणि फुलाखालचा हिरवा पेला एका बाजूनं फाटून पाकळ्या पोट सुटल्यासारख्या बाहेर लोंबतात. रोग आहे का?

ओलसरमाती
रोग नाही. पारा एवढा वरखाली झाला की पाकळ्या पेल्यात मावेनाशा होतात आणि पेला फाटतो. रात्री १० च्या खाली जात असेल तर संध्याकाळी पडदे लवकर लावा, बोरॉन तपासून घ्या. हे सगळं पुढच्या कळ्यांसाठी. आत्ता ज्या कळ्या रंग दाखवतायत त्यांना छोटं रबर चढवा. डाव्या हातानं कळी धरायची, उजव्या हाताच्या दोन बोटांवर रबर ताणून वरून खाली, पेल्याच्या मधोमध. पहिल्या दिवशी शंभर कळ्यांना तास लागतो, आठवड्यानंतर न बघता होतं.

नवखा_माळी
धन्यवाद! रबर किती घट्ट?

ओलसरमाती
पेल्यावर वळ उठला तर घट्ट, बोटानं ढकलून सरकलं तर सैल. पाण्यानं कुजणारं घेऊ नका, तोडणीआधीच तुटतं.